महिमागीताच्या जागी

"भाऊजी, आज तेवढं महिमागीत नको हं," मेहुणी ऑर्गनशी वाकून हळूच म्हणाली. "गेल्या रविवारी निम्मं चर्च गायला लागलं आणि निम्मं एकमेकांची तोंडं बघत राहिलं."

"माहीत आहे मला."

"माहीत गेल्या रविवारीही होतं."

मास्तर पायाने पेडल उगीच दाबत राहिले. आगमनकाळ सुरू होता. नाताळाआधीच्या या चार रविवारी महिमागीत गात नाहीत, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. उभा जन्म ऑर्गन वाजवण्यात गेलेल्या माणसाला हे कोणी सांगायला नको. बायको नुकतीच गेलीय, होतं असं, म्हणून लोकांनी चूक पोटात घातली.

पण ती चूक नव्हती. 'प्रभो, दया कर' संपलं की महिमागीताची पहिली ओळ बायको एकटी म्हणायची. ती गेल्यावर ती ओळ सगळे मिळून म्हणू लागले आणि मास्तर ऑर्गन जरा मोठा ठेवू लागले. निभत होतं. आगमनकाळात मात्र त्या जागी काहीच नव्हतं. गेल्या रविवारी ती शांतता अंगावर आली आणि त्यांनी सरळ बोटं टेकवली.

"बघा," मेहुणी म्हणाली. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "जमत नसेल तर नाताळपर्यंत ऑर्गनवर शिंपीणबाईंची मुलगी बसेल. फादरच म्हणत होते."

मास्तर उठले आणि तडक वेदीमागच्या खोलीत गेले. घरी डोळे उघडल्याबरोबर ते रेडिओ लावत. त्यांच्या दुकानात दुरुस्तीला आलेले पंप दिवसभर घरघरत असत, एखादा बरा झाला तरी ते तो चालूच ठेवत. रविवारी हातांना काम म्हणून हा एक ऑर्गन होता. तोही गेला तर?

फादर जांभळा झगा अंगावर चढवत होते. त्यांचं नाक सर्दीने लाल झालं होतं.

"बसा, मास्तर."

"बसत नाही. फादर, मी महिमागीत नाही वाजवत. पण तेवढी जागा भरून काढतो. अगदी हळू, कोणाला कळणारही नाही असं."

"गेल्या रविवारी तुम्ही नाताळ आणलातच की," फादर नाक पुसत म्हणाले. "बाजारातल्या दुकानदारांनासुद्धा मागे टाकलंत."

"थट्टा नको, फादर."

"बरं, नाही करत. पण हा काळ वाट बघायचा आहे, मास्तर. मधली जागा भरून टाकली तर वाट बघितली असं कसं म्हणायचं?"

मास्तरांचा हात दाराच्या कडीवर होता. कडी ते वरखाली करत होते.

"ज्याच्याकडे कोणी यायचंच राहिलं नाही, त्यानं वाट कशाची बघायची?"

फादरांनी झग्याची घडी सरळ केली. मग ती पुन्हा सरळ केली.

"ते मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "मला येतं तेवढंच सांगतो. आज हात मांडीवर ठेवून बघा. नाहीच राहवलं तर वाजवा. मी रागावणार नाही. पण मग पुढच्या रविवारी त्या मुलीला बसवीन."

घंटा झाली. प्रवेशगीत नीट पार पडलं. 'प्रभो, दया कर' मास्तरांनी जरा घाईनेच उरकलं, मेहुणीने मागून डोळे वटारले असणार. शेवटचा सूर विरला आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"प्रार्थना करू या," फादर म्हणाले, आणि थांबले.

कोणीतरी खोकलं. एका बाकावरून पुस्तक पडलं. छताचा पंखा कुरकुरला. त्याला तेल हवंय, मास्तरांच्या मनात आलं, आत्ता शिडी असती तर. उजवा हात मांडीखालून निसटला आणि पट्टीवर जाऊन बसला. नुसतं टेकायचं होतं. सूर देऊन बोट उचलायचं, बास.

तेवढ्यात मागे गायकांनी श्वास घेतला.

सगळ्यांनी एकदम. गायचं काहीच नव्हतं. पण 'दया कर' नंतर छाती भरून घ्यायची सवय इतक्या वर्षांची, की छात्या आपसूक भरल्या. मेहुणीचा श्वास त्यात वेगळा कळत होता. दातांतून आत ओढलेला, शेवटी किंचित अडखळलेला. ती आणि बायको, दोघी बहिणी लहानपणी एकाच बाईंकडे गाणं शिकल्या होत्या, श्वास घ्यायलासुद्धा.

मास्तर तसेच राहिले. त्या ओळीआधी बायकोला सूर द्यायचं काम त्यांचं. ती गाण्यासाठी तोंड उघडायची तेव्हा त्यांचाच ऑर्गन वाजत असायचा. ओळ त्यांनी हजारदा ऐकली होती. ओळ उचलायच्या आधी बायको श्वास कसा घेते, हे त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं.

मागे कोणीतरी ओशाळं हसलं आणि श्वास सुटले. मास्तरांनी बोट पट्टीवरून उचललं, आवाज होऊ न देता. मान वळवली नाही. कान मात्र मागेच लावले.

फादरांनी प्रार्थना म्हणायला सुरुवात केली.

मिस्साची उपासना संपल्यावर मेहुणी गाण्याची पुस्तकं गोळा करत जवळ आली. तिने आधी त्यांच्या हातांकडे आणि मग चेहऱ्याकडे बघितलं.

"जमलं की, भाऊजी."

"जमलं कसलं?" मास्तर खेकसले. त्यांचे डोळे भरून आले होते. "त्या फादरांना जाऊन सांग, प्रार्थना सुरू करायची एवढी घाई काय होती?"