डॉक्टरांची हजेरी

आणखी एका व्याख्यानाची हजेरी बाद झाल्याचा मेल आला आणि डॉक्टर विश्राम पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालून तसेच जिना चढले. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. डोंबिवलीत पस्तीस वर्षं हेच चाललं होतं. डॉक्टरकीच्या नोंदणीचं नूतनीकरण महिनाअखेरीस होतं आणि त्यासाठी लागणाऱ्या व्याख्यानांच्या हजेरीचे दोन गुण कमी पडत होते. आजचं व्याख्यान शेवटचं. तेही हुकलं तर दवाखान्याला कुलूप.

नेत्रतज्ज्ञांची ही ऑनलाइन व्याख्यानं सकाळी अकरा ते एक, म्हणजे ऐन गर्दीच्या वेळी असत. म्हणून डॉक्टरांच्या नावाने लॅपटॉपसमोर त्यांच्या पत्नी हेमाताई बसत. दर वीस मिनिटांनी पडद्यावर एक हिरवी चौकट येई. मिनिटभरात तिच्यावर क्लिक केलं, की डॉक्टर हजर. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. बाकीचेही असंच करतात, असं विश्राम स्वतःला सांगत. हेमाताई मात्र सगळं मन लावून ऐकत. जेवताना काहीबाही विचारत. विश्राम वर्तमानपत्राआडून हुंकार देत.

या महिन्यापासून व्याख्यानं घेणाऱ्या संस्थेने चौकट पडद्याच्या मध्यावरून कोपऱ्यात नेली होती, बोलणाऱ्याचा चेहरा झाकू नये म्हणून. तेव्हापासून हजेऱ्या बुडत होत्या.

"अगं, समोर बसून झोपा काढतेस का?" विश्राम म्हणाले.

चौकट आलीच नाही, हेमाताई म्हणाल्या. संस्थेचंच काहीतरी बिघडलं असेल. हे सांगताना त्यांनी मान वळवली नाही. विश्राम चिडून त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले. आज ते स्वतः बघणार होते.

अकरा चाळीसला चौकट आली. उजवीकडे, वर, चांगली ठळक. हेमाताईंचा हात माउसवर होता, नजर पडद्यावर. चौकट लुकलुकत राहिली. विश्राम बोलायला गेले आणि थांबले. गुण, नोंदणी, सगळं डोक्यातून गेलं. मिनिट संपलं. चौकट गेली.

"आली नाही ना अजून?" हेमाताईंनी विचारलं.

विश्रामांनी त्यांची खुर्ची आपल्याकडे फिरवली आणि समोर स्टूल ओढून बसले. एक डोळा झाक, माझ्या नाकाकडे बघ, बोट दिसलं की सांग. हजारो पेशंटना सांगितलेलं ते पहिल्यांदाच घरात सांगत होते. कानाच्या बाजूने त्यांनी बोट हळूहळू पुढे आणलं. हेमाताई गप्प. बोट गाल ओलांडून अगदी समोर आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "हं, आता." दुसऱ्या डोळ्याचंही तेच.

विश्रामांचा हात तसाच हवेत राहिला. तो हेमाताईंनीच खाली घेतला.

"काचबिंदू," त्या म्हणाल्या. "जानेवारीतल्या व्याख्यानात ऐकलं मी. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं वाचवता येतं."

"जानेवारीत? आणि बोलली नाहीस?"

"दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आले होते. तुम्ही अंधाऱ्या खोलीत मशीनला डोळा लावून बसलेले. मान वर न करता म्हणालात, नंबर घेऊन बाहेर बसा." त्यांनी पदर सारखा केला. "बसले तासभर. मग तुमच्या जेवणाची वेळ झाली."