खुर्चीतला नट मेला की नाही

“तो मेलेलाच नाही. तो मरणाचा अभिनय करतोय!” समीक्षक माइकमध्ये म्हणाले आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेतल्या बाईंनी हात मांडीवरच ठेवले.

चित्रपट नुकताच संपला होता. चार म्हातारे नट एका घरात राहतात आणि जुन्या नाटकाच्या तालमी करतात, अशी गोष्ट. शेवटी त्यातला सगळ्यांत थोरला खुर्चीत बसून संवाद म्हणत असतो. वाक्य अर्ध्यावर राहतं. हातातला कप निसटतो, मान कलते. बाकीचे तिघे थबकतात आणि तालीम पुढे नेतात. मग अंधार. तो मेला, झोपला की नाटक करत होता, काहीच कळत नाही.

तेव्हापासून या शेवटावर काथ्याकूट चालला होता. एका प्राध्यापिकेला त्यात कलेचा मृत्यू दिसला. एका तरुणाला मुक्ती दिसली. “ओठाचा कोपरा काय ओघळतो! वा, मजा आली,” मागून कोणीतरी म्हणालं. म्हणणाऱ्याच्या तोंडात बिस्किट होतं.

व्यासपीठावर दिग्दर्शक पायावर पाय टाकून बसला होता. “मी मुद्दामच धूसर ठेवलंय,” तो हसून म्हणाला.

निवेदिका माइक घेऊन खाली आली. “थोरल्या नटाची भूमिका ज्यांनी अजरामर केली, ते सर आज आपल्यात नाहीत. पण त्यांच्या पत्नी आहेत. चित्रपटाची रंगभूषाही त्यांचीच.” दिग्दर्शकाने शोकसभेत घालतात तशी मान खाली घातली. “ताई, तुम्हीच सांगा, शेवटी काय होतं?”

बाई उठल्या. कोणीतरी हातात कोंबलेला पुष्पगुच्छ त्यांनी खुर्चीवर टाकला.

“तो ओठ मी रंगवलेला नाही,” त्या म्हणाल्या. “कपही पडायचा नव्हता. ह्यांना संवाद पुरा म्हणायचा होता. मध्येच झटका आला. मी धावले, तर या साहेबांनी माझा दंड धरला. म्हणाले, ‘थांबा, कॅमेरा चालू आहे.’”



“वहिनी, हे इथे नको,” दिग्दर्शक पुटपुटला. माइकमुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

समीक्षक मात्र पुढे झुकले. त्यांचे डोळे चमकत होते. “म्हणजे त्यांनी खरोखर कॅमेऱ्यासमोर प्राण सोडला? आपण आत्ता पाहिलं ते...” मागच्या रांगांत एकेक फोन वर निघाला. बिस्किटवाला नीट दिसावं म्हणून उभा राहिला.

बाईंनी त्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. वाडग्यात केस निघाल्यावर माणूस बघतो, तसं. मग पर्स खांद्याला लावली.

“मेले नाहीत हो. घरी आहेत, अंथरुणाला खिळून. वाचा गेली, दोनच शब्द उरलेत. मी दिसले की विचारतात, ‘शॉट ओके?’”