दुसरं घर

डॉक्टरांनी मांजरीचं पोट हळूच चाचपलं. "लठ्ठपणा नाही हा. आचळं बघा, गुलाबी झालीत. पंधरा दिवसांत पिल्लं होतील."

तिची पाठ अजून भाजलेलीच होती. शेजारच्या बिवलकरांनी गॅलरीतून तिच्यावर कढत पाणी ओतलं होतं, म्हणून तर बरी होईपर्यंत मी तिला घरात ठेवलं होतं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आई म्हणायची. मी दिवस मोजत राहिले.

पिल्लं आठवड्याची झाली. मी दोन गॅलऱ्यांमधली जाळी काढली.

सकाळी बिवलकर ओरडतच आले. "तुमची मांजर पिल्लं घेऊन माझ्या कपाटात बसलीय, सिल्कच्या झब्ब्यांवर! आणि आमची ही म्हणते, बाळंतिणीला हुसकायचं नाही!"

"वहिनींचं खरंय," मी म्हटलं. "आता बाळंतिणीला कढत पाणी लागेल. तापवायची सवय आहेच तुम्हाला."