दोन ठोके

कुकटपल्लीच्या गॅरेजात माझ्या ट्रकला दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवून तीन दिवस झाले, पण एकही गिअर पडेना. तेल, क्लचप्लेट, सगळं पाहून झालं होतं.

जहांगीर मिस्त्रींची एक पद्धत होती. ते गाडीखाली झोपून पान्याने चेसीवर दोन ठोके मारायचे. मग केबिनमधल्या माणसाने क्लच दाबायचा आणि टाचेने पत्र्यावर दोन ठोके देऊन कळवायचं, की ते खालून हाताने गिअर टाकून पाहायचे. सकाळपासून ते काम मीच करत होतो.

दुपारी इंजिन चालूच ठेवून मी पाणी प्यायला उतरलो. त्यांना सांगायचं राहून गेलं.

परत आलो तेव्हा खालून दोन ठोके वाजले. केबिनमधून लगेच दोन ठोक्यांचं उत्तर आलं. खटकन गिअर पडला.

"पड गया, बिरादारसाब," मी आतच आहे असं समजून खालून जहांगीरभाई मला म्हणाले. "पाँव नक्को उठाओ. मैं चक्के के सामने हूँ."

मी उघड्या दारातून आत पाहिलं. सीट रिकामी होती. क्लच तळापर्यंत दबलेला होता.

"जहांगीरभाई, बाहेर या," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो.

खालचा पाना थांबला. केबिनमध्ये, कुणी न विचारता, पुन्हा दोन ठोके पडले, आणि क्लच हळूहळू वर येऊ लागला.