कपाटामागची भिंत

कपाट सरकवलं आणि मागची भिंत काळी निघाली.

"अगंबाई, ही बुरशी!" सासूबाई दारातूनच ओरडल्या. "डॉक्टरीणबाईंनी काय बजावलं होतं? किडनी बसवलेल्या माणसाला बुरशीचा वारासुद्धा लागू देऊ नका. माझ्या लेकाच्या पोटावर सुरी फिरलीय, आणि इथे हे!"

"घासून काढते मी," सून म्हणाली.

नवरा उठायला लागला. "मी करतो ना. तू दमलीयस."

"तू बस गुमान!" सासूबाईंनी त्याला बाहेरच्या खोलीत पिटाळलं आणि घरात होता नव्हता तो एकुलता एक मास्क त्याच्या तोंडावर चढवला.

सून काहीतरी बोलायला गेली, पण कोणत्या तोंडानं बोलणार? ऑपरेशन झाल्यापासून नवऱ्याला तळहातावरच्या फोडासारखं जपायचं, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. पाहुणे यायचे, त्याच्या उशाशी बसायचे, फळं ठेवून जायचे. ती चहा करायची. त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. हल्ली फक्त थकवा हाडात मुरला होता.

नाकाला रुमाल बांधून तिनं भिंत खरवडायला घेतली. काळी भुकटी डोळ्यांत गेली, केसांत गेली. मध्येच मोबाइलचा गजर वाजला. गोळ्यांची वेळ झाली होती. तिनं हात धुतले, डबी उघडली, आणि मग पुन्हा येऊन भिंतीला भिडली. संध्याकाळपर्यंत भिंत लख्ख झाली. सासूबाई "बरं झालं" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे कौतुकच.

काही दिवसांनी नवरा खोकायला लागला आणि तिनं लगेच तपासणीची वेळ घेतली. खोकला तिलाही होता, पण तिकडे कोण बघतं! तपासणीला गेले तेव्हा दोघांच्याही छातीचे फोटो काढले.

डॉक्टरीणबाईंनी एक फोटो उजेडासमोर धरला. "ही बुरशी आहे. फुप्फुसात उतरलीय. घरात कुणी ओली भिंत वगैरे खरवडली का?"

"मीच," ती रडकुंडीला आली. "यांना त्रास नको म्हणूनच दिवसभर घासली हो. डॉक्टर, काहीही करा, पण यांना वाचवा."

"त्यांना काय धाड भरलीय? साधी सर्दी आहे." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज खाली आला. "बाई, किडनी त्यांनी दिली. बसवली ती तुम्हाला."