नांगरापुढची कबर

कबरीसारख्या रचलेल्या दगडांच्या ढिगापाशी येऊन ट्रॅक्टर थांबला. काल इथे ढीगबीग काही नव्हता, ड्रायव्हरला पक्कं आठवत होतं. पण कबरीच्या बाबतीत आधी तोंड कोण उघडणार?

रौशन खाली उतरली. माळावर पुन्हा गवत आणायचं काम तिच्याकडे होतं. टणक झालेली जमीन फाळानं फोडायची, इझेन ह्या चाऱ्याच्या झुडपाचं नि रानगवताचं बी पेरायचं आणि दोन वर्षं एकही मेंढी आत सोडायची नाही. दोन वर्षं! ढिगापलीकडे उभ्या असलेल्या मेंढपाळ ओरिनबायच्या तीनशे मेंढ्या दर वसंतात ह्याच उतारावर वितात. शिवाय त्याच्या लहानपणीही असेच ट्रॅक्टर आले होते, गहू पिकवून देतो म्हणत. गहू चार वर्षं आला, मग वाऱ्यानं मातीच नेली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा तर ताक ओतूनच द्यायला निघाला होता.

रौशननं वरचा एक दगड उलटून पाहिला. उजेडात वाढणारं दगडफूल खालच्या बाजूला होतं. तिनं दगड होता तसा ठेवला.

"कुणाची म्हणायची, आगा?" तिनं त्या वडीलधाऱ्याला विचारलं.

"माझ्या चुलत्याची. तोक्तार. बत्तीस सालच्या दुष्काळात गाव सोडून निघाले तेव्हा वाटेत गेला, चार वर्षांचं पोर."

"आणि आजवर कुणाला ठाऊक नव्हतं?"

"विचारलं होतं कुणी?"

त्या दुष्काळात मेलेल्यांच्या कबरी खऱ्या ठरवता येत नाहीत आणि खोट्याही ठरवता येत नाहीत. ते दोघांनाही ठाऊक होतं. ड्रायव्हर मात्र गुडघे टेकून बसला, हात पसरून दुवा म्हणू लागला. मग ओरिनबायलाही बसावं लागलं. रौशननं त्याच्याकडे बघत बघत नांगरणीच्या नकाशावरच्या त्या उतारावर काट मारली.

ड्रायव्हर पाणी भरायला गावात गेला आणि सगळं सांगून आला. दुपारी एक मोटरसायकल आली. तिला जोडलेल्या बाजूच्या डब्यात ओरिनबायची आत्या बसली होती, कुल्याश, ऐंशी ओलांडलेली. तोक्तारची थोरली बहीण. दगड रचताना म्हातारीचा विचार ओरिनबायच्या डोक्यात आलाच नव्हता.

तिच्या मांडीवर फडक्यात सात शेलपेक होत्या, मेलेल्यांसाठी तळतात त्या रोट्या, अजून गरम. ढिगाभोवती ती एकदा फिरली. मग भाच्याकडे रोखून बघत राहिली.

"नक्की इथेच?"

त्यानं रौशनकडे पाहिलं. ती नकाशाची घडी घालू लागली.

"इथेच, आत्या."

ती खाली बसली. एकेक दगड हातानं पुसू लागली. आपण नऊ वर्षांच्या होतो, हात दुखला म्हणून त्याचा हात सोडला, मागे वळून पाहिलं तेव्हा तो दिसला नाही, हे तिनं कुणाला न विचारता, दगडांनाच सांगितलं. ओरिनबायला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "मलाही इथेच ठेव, ह्याच्या शेजारी. आणि ओरिनबाय, मेंढ्या ह्या उतारावर आणू नकोस रे आता. लेकरू झोपलंय."