ग्रिपवरचा खडू

"हात नको लावूस. मीच बसवतो," म्हणत म्हाताऱ्याने मुलाच्या हातातली ग्रिपांची जोडी ओढूनच घेतली.

महिन्यातली ही तिसरी जोडी. आधीच्या दोन्ही कुणीतरी डिंक वाळायच्या आत पिळून सैल केल्या होत्या. म्हाताऱ्याने जुन्या ग्रिपा पात्याने चिरून काढल्या, मोटरसायकलच्या हँडलची दांडी घासून पुसली. त्याची चाळीस वर्षं लेथवर गेलेली. उजव्या हाताचं मधलं बोट मशीनने ठेवून घेतलं, पण उरलेली चार अजून कुणाला ऐकणारी नव्हती. मोठ्या भोकाची ग्रिप रेसच्या नळीवर, लहान भोकाची डावीकडे. दोन्ही जागच्या जागी बसल्या.

"चोवीस तास गाडीला कुणी शिवायचं नाही," तो म्हणाला. "आणि किल्ली सापडली का?"

"नाही बाबा. शोधतोय."

शोधतोय म्हणे! किल्ली हरवून दोन महिने झाले आणि सीटवर धुळीचा कण नाही. पाणी कुठे मुरतंय ते न कळायला म्हातारा काही दूधखुळा नव्हता. किल्ली यानेच दडवली. गाडी हाच पळवतो, खिळखिळी करून एक दिवस भंगारात घालायचा याचा डाव. विचारलं की खाली मान घालून म्हणतो, "माझाच हात लागला असेल, बाबा." चोर शिरजोर असता तर निदान भांडता आलं असतं. हा तर गरीब गाय! या वेळी पुरावा हातात आला की त्याला सरळ सांगायचं, आपलं बिऱ्हाड वेगळं कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याने जुन्या हत्यारपेटीतून खडू काढला आणि उजव्या ग्रिपवर पांढराफटक घासला. दुपारी मुलगा जेवायला घरी यायचा. तेव्हाच त्याचे उद्योग चालत असणार. जेवण झालं, मुलगा कामावर परतला, म्हाताऱ्याने जरा पाठ टेकली.

संध्याकाळी तो अंगणात गेला. ग्रिप पिळलेली होती. सापडला लेकाचा! चष्मा पुसून तो खाली वाकला.

खडूत बोटांचे ठसे स्पष्ट उठले होते. पहिलं बोट. मग बोटभर जागा, खडू जसाच्या तसा. मग आणखी दोन बोटं.

त्याने आपला हात हळूच त्यावर ठेवला. तंतोतंत बसला. दुपारचं काही आठवतंय का ते तो पाहू लागला. काहीच आठवेना. त्याला भीती वाटली, पहिल्यांदाच, आणि फार.

फाटक वाजलं. मुलगा आला होता.

"आज गाडीवर कोण बसलं होतं रे?" म्हाताऱ्याने विचारलं. हात त्याने ग्रिपवरून काढला नाही.

मुलाने ग्रिपकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीच, बाबा. चुकलं माझं. उद्या नवी जोडी आणतो."